व्हायरस काढल्यानंतर संगणकावरील खाते आणि प्रोग्रॅम परत कसे मिळवावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतील ऑनलाइन सेंटर, झेरॉक्सची दुकाने, पतसंस्था, हिशेबनीस आणि विद्यार्थी यांच्याकडून वर्षभर येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे विंडोज १० आणि विंडोज ११ यांना धरून लिहिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अँटिव्हायरस म्हणतो की व्हायरस निघाला. मग संगणक पूर्वीसारखा का चालत नाही?

चोर पकडला म्हणून त्याने फोडलेले कुलूप आपोआप दुरुस्त होत नाही. अँटिव्हायरस घातक फाइल शोधून काढतो किंवा बंदिस्त करून ठेवतो; परंतु त्या फाइलने विंडोजच्या नोंदींमध्ये जे बदल केलेले असतात, ते सगळे तो पूर्ववत करतोच असे नाही. व्हायरसने संगणक सुरू होताना स्वतःला बोलावण्याची सोय करून ठेवलेली असेल, तर फाइल गेल्यानंतरही विंडोज तिला शोधत राहते, ती न सापडल्याने अडते आणि आपल्याला खाते उघडत नाही किंवा प्रोग्रॅम चालत नाही असे दिसते. बहुतेक वेळा माहिती नष्ट झालेली नसते, तिच्याकडे जाणारी वाट तेवढी तुटलेली असते. म्हणूनच 'सगळे गेले' असे समजून घाईने संगणक फॉरमॅट करणे हे माझ्या पाहण्यात आलेल्या नुकसानीचे सर्वांत मोठे कारण आहे.

२. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी काय करावे?

आधी प्रत काढावी. सी ड्राइव्हमधील 'यूजर्स' नावाचा फोल्डर आणि हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा ज्या फोल्डरमध्ये असेल तो फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावा. मात्र तुमच्याकडे जुन्या बॅकअपची एकच डिस्क असेल, तर ती या संगणकाला जोडू नये. प्रतीसाठी वेगळी डिस्क वापरावी. खाते उघडतच नसेल, तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडून किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ही प्रत घेता येते.

त्यानंतर व्हायरस खरोखर निघाला आहे का, याची खात्री करावी. विंडोज सिक्युरिटीमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची 'ऑफलाइन स्कॅन' ही सोय आहे. ती संगणक पुन्हा सुरू करून, विंडोज पूर्ण चालू होण्यापूर्वीच तपासणी करते आणि तिला साधारण १५ मिनिटे लागतात. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही अशी तपासणीची साधने विनामूल्य मिळतात.

आपल्याकडे पावसाळ्यात हेस्कॉमची वीज कधी जाईल याचा नेम नसतो, खानापूर तालुक्यात तर विशेषच. तपासणी किंवा नोंदींची दुरुस्ती चालू असताना वीज गेल्यास खात्याची नोंद-फाइल अर्धवट लिहिली जाऊन मूळ व्हायरसपेक्षा मोठे काम उभे राहते. यूपीएस चालत नसेल तर हे काम लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून, किंवा वीज स्थिर असेल त्या वेळी करावे.

३. पासवर्ड टाकल्यावर खाते उघडते, पण डेस्कटॉप रिकामा आहे. माझ्या फाइली कुठे गेल्या?

बहुधा विंडोजने तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे खात्याच्या फाइली आणि मांडणी यांच्या तात्पुरत्या जागेत, प्रवेश दिला आहे. तुमच्या खात्याच्या नोंदी ठेवणारी 'एनटीयूजर डॉट डॅट' ही फाइल वाचता आली नाही, की विंडोज एक कोरे प्रोफाइल तयार करते आणि उजव्या कोपऱ्यात तशी सूचना दाखवते. ही सूचना अनेकांच्या लक्षात येत नाही. सी ड्राइव्हमध्ये 'यूजर्स' उघडून पाहा. तुमच्या नावाचा फोल्डर तेथे असेल आणि त्यातील 'डेस्कटॉप' व 'डॉक्युमेंट्स' भरलेले असतील, तर तुमच्या फाइली सुरक्षित आहेत.

येथे एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. तात्पुरत्या प्रोफाइलमधील डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये तुम्ही जे काही साठवाल, ते खात्यातून बाहेर पडताच पुसले जाते. एका विद्यार्थिनीने अशा रिकाम्या डेस्कटॉपवर दुपारभर बसून आपल्या प्रकल्पाचे एक प्रकरण नव्याने टाइप केले, संध्याकाळी संगणक बंद केला आणि दुसऱ्या दिवशी ते घेऊन ती माझ्याकडे आली. तिचे जुने लेखन पूर्ण मिळाले, पण त्या दुपारचे एकही पान मिळाले नाही. म्हणून अशा स्थितीत काम करू नये. केलेच असेल, तर बाहेर पडण्यापूर्वी ते डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर हलवावे.

उपाय म्हणून प्रथम संगणक दोन-तीन वेळा पुन्हा सुरू करून पाहावा, कारण अँटिव्हायरसने तपासणीसाठी ती फाइल धरून ठेवल्यामुळेही असे घडते. फरक पडला नाही, तर प्रशासकाच्या (ॲडमिनिस्ट्रेटर) दुसऱ्या खात्यातून रजिस्ट्री एडिटर, म्हणजे विंडोजच्या नोंदी पाहण्याचे व बदलण्याचे साधन, उघडून 'एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, प्रोफाइललिस्ट' येथे जावे आणि या भागाची प्रत 'एक्स्पोर्ट' करून ठेवावी. तेथे एस-१-५-२१ ने सुरू होणाऱ्या लांबलचक क्रमांकांपैकी एकच क्रमांक दोनदा दिसेल : एकदा साधा आणि एकदा शेवटी 'डॉट बॅक' लावलेला. डॉट बॅकवाल्या नोंदीतील 'प्रोफाइलइमेजपाथ' तुमच्याच फोल्डरकडे बोट दाखवतो ना, हे पाहावे. साध्या नोंदीचे नाव बदलून तिला दुसरी काही शेपटी लावावी, डॉट बॅकवाल्या नोंदीची शेपटी काढावी, तिच्यातील 'स्टेट' हे मूल्य ० करावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. नोंद एकच असेल आणि तिलाच डॉट बॅक लागलेले असेल, तर शेपटी काढून 'स्टेट' तेवढे ० करावे.

४. रजिस्ट्रीला हात लावायची भीती वाटते, किंवा वरील उपाय लागू पडला नाही. दुसरा मार्ग आहे का?

आहे, आणि तो अधिक सुरक्षितही आहे. सेटिंग्जमधील 'अकाउंट्स' विभागातून नवे खाते तयार करावे, त्यात एकदा प्रवेश करून बाहेर यावे आणि मग जुन्या फोल्डरमधील डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे नव्या खात्याच्या फोल्डरमध्ये उतरवावेत. 'परवानगी नाही' अशी सूचना आल्यास प्रशासकाच्या खात्यातून 'कंटिन्यू' दाबल्यावर बहुतेक वेळा फोल्डर उघडतो. 'एनटीयूजर' या नावाने सुरू होणाऱ्या फाइली उतरवू नयेत, कारण बिघाड त्यांच्यातच असण्याची शक्यता असते.

लपलेला 'ॲपडेटा' फोल्डर सरसकट उचलून नेणे मात्र मी कधीही सुचवणार नाही. घातक फाइली लपण्याची ती नेहमीची जागा आहे. त्यातून ब्राउझरचे बुकमार्क किंवा आउटलुकची मेल-फाइल असे नेमके तेवढेच घ्यावे. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड जुन्या विंडोज खात्याशी कुलूपबंद असतात, त्यामुळे फाइल उतरवूनही नव्या खात्यात ते उघडत नाहीत; गूगल खात्याशी ते आधीच जुळवलेले असतील, तर तेथून परत येतात. सर्व काही मिळाल्याची खात्री होऊन निदान महिनाभर काम सुरळीत चालेपर्यंत जुने खाते पुसू नये.

५. पासवर्ड टाकला की 'वेलकम' दिसते आणि लगेच संगणक खात्याबाहेर काढतो. असे का?

खात्यात प्रवेश होताना विंडोज 'यूजरइनिट' हा प्रोग्रॅम चालवते. काही व्हायरस या नोंदीत स्वतःचे नाव घुसवतात. अँटिव्हायरस ती फाइल काढतो, पण नोंद तशीच राहते. लॉगिनच्या पडद्यावरील पॉवर बटणातून शिफ्ट धरून 'रिस्टार्ट' निवडल्यास येणाऱ्या दुरुस्ती-पडद्यावरून कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायचा काळा पडदा) उघडावा आणि तेथे रजिस्ट्री एडिटर चालवून विंडोजच्या 'सिस्टम३२' मधील 'कॉन्फिग' फोल्डरातील 'सॉफ्टवेअर' ही फाइल 'लोड हाइव्ह' या नोंद-फाइल उघडण्याच्या पर्यायाने उघडावी. दुरुस्ती-पडद्यावर ड्राइव्हचे अक्षर सी ऐवजी डी किंवा ई दिसू शकते, त्यामुळे आधी फोल्डर पाहून खात्री करावी.

'विनलॉगऑन' या भागात यूजरइनिटचे मूल्य सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२ आणि यूजरइनिट डॉट ईएक्सई एवढ्याच मार्गाचे असावे व त्याच्या शेवटी एक स्वल्पविराम असावा. 'शेल' या नोंदीत केवळ एक्सप्लोरर डॉट ईएक्सई असावे. तेथे दुसरे काही असेल, तर आत गेल्यावर नुसता काळा पडदा दिसतो. दुरुस्ती झाल्यावर 'अनलोड हाइव्ह' करायला विसरू नये.

६. माझा पासवर्ड चालत नाही आणि लॉगिनच्या पडद्यावर अनोळखी नावाचे खाते दिसते. काय करू?

खाते मायक्रोसॉफ्टचे असेल, म्हणजे ईमेलने उघडत असेल, तर मोबाइलवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर पासवर्ड बदलावा. खाते त्याच संगणकापुरते असेल, तर चुकीचा पासवर्ड टाकल्यावर येणाऱ्या सुरक्षा प्रश्नांचा उपयोग होतो, अर्थात ते आधी भरलेले असतील तरच. प्रशासकाच्या दुसऱ्या खात्यातून पासवर्ड बदलता येतो. परंतु तसे केल्यास विंडोजच्या स्वतःच्या पद्धतीने कूटबद्ध केलेल्या (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या) फाइली आणि साठवलेले पासवर्ड कायमचे हातचे जाऊ शकतात. म्हणून तो मार्ग शेवटी धरावा आणि त्यापूर्वी प्रश्न २ मधील प्रत घ्यावी.

अनोळखी खाते ही गंभीर बाब आहे. कोणीतरी दुरून प्रवेश ठेवण्यासाठी ते तयार केलेले असू शकते. ते कार्यालयातील कोणी किंवा दुरुस्ती करणाऱ्याने केले होते का, हे विचारून घ्यावे, तोवर इंटरनेटची तार काढून ठेवावी आणि खुलासा न झाल्यास ते खाते काढून टाकावे. मग बँक, ईमेल आणि सरकारी पोर्टल यांचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत. बँकेतून पैसे गेले असतील, तर क्षणही न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर कळवावे.

७. आयकॉन दिसतात, पण कोणताही प्रोग्रॅम उघडत नाही. टास्क मॅनेजरही 'प्रशासकाने बंद केला आहे' असे सांगतो.

प्रथम नवे खाते तयार करून त्यात तोच प्रोग्रॅम चालवून पाहावा. नव्या खात्यात तो चालला, तर बिघाड तुमच्या खात्याच्या नोंदींमध्ये आहे आणि प्रश्न ४ चा मार्ग पुरेसा आहे. तेथेही चालला नाही, तर बिघाड विंडोजमध्ये किंवा त्या प्रोग्रॅममध्ये आहे. या एका परीक्षेने अर्धा दिवस वाचतो, म्हणून मी ती सर्वांत आधी करतो.

विंडोजच्या फाइली बिघडल्या असतील, तर कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून आधी 'डिझम' ची 'रिस्टोअरहेल्थ' आणि मग 'एसएफसी स्कॅननाऊ' ही आज्ञा चालवावी. पहिली आज्ञा दुरुस्तीचे सुटे भाग नीट करते आणि दुसरी ते भाग वापरते, म्हणून हा क्रम पाळावा. प्रत्येक प्रोग्रॅम उघडताना 'कशाने उघडू' असे विचारले जात असेल, तर ईएक्सई फाइलींची जोडणी बदललेली असते. आणि फक्त अँटिव्हायरस किंवा टास्क मॅनेजर उघडत नसेल, तर रजिस्ट्रीतील 'इमेज फाइल एक्झिक्यूशन ऑप्शन्स' या भागात त्या प्रोग्रॅमच्या नावाखाली 'डीबगर' अशी नोंद घुसवलेली आहे का, ते पाहावे.

८. अँटिव्हायरसने माझ्या चांगल्या प्रोग्रॅमचीच फाइल काढली. ती परत मिळेल का?

बहुधा मिळेल, कारण काढलेली फाइल काही काळ बंदिस्त जागेत ठेवलेली असते. विंडोज सिक्युरिटीमधील 'प्रोटेक्शन हिस्टरी' मध्ये तिची नोंद शोधून 'रिस्टोअर' निवडावे. परंतु तो प्रोग्रॅम पैसे न भरता 'क्रॅक' करून घातलेला असेल, तर ती फाइल परत आणू नये. व्हायरस ज्या दारातून आला ते बहुधा हेच दार असते, आणि अँटिव्हायरस बंद करून क्रॅक चालवायला सांगणारा माणूस तुमच्या ग्राहकांचे आधार क्रमांक आणि उतारे यांच्याशीही खेळत असतो.

९. नुडी, बरह किंवा श्रीलिपीमध्ये टाइप केलेली जुनी कागदपत्रे आता इंग्रजीतील विचित्र अक्षरांसारखी दिसतात. मजकूर बिघडला का?

मजकूर बिघडलेला नाही, फॉन्ट हरवला आहे. हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा आपल्याकडे कितीतरी अधिक येतो, कारण येथील एकाच टेबलावर सकाळी मराठी लग्नपत्रिका आणि दुपारी तहसील कार्यालयासाठी कन्नड अर्ज तयार होत असतो. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये 'क' हे अक्षर 'क' म्हणून साठवलेलेच नसते. ते एखाद्या रोमन अक्षराच्या जागी बसवलेले असते आणि फॉन्ट असेल तेव्हाच आपल्याला 'क' दिसतो. व्हायरस काढताना नवे खाते केले किंवा विंडोज नव्याने घातली, की फॉन्ट जातो आणि कागदावर स्वर-चिन्हे लावलेली रोमन अक्षरे उरतात.

यात एक बारकावा आहे. विंडोज १० मध्ये २०१८ नंतर फॉन्ट फक्त एका खात्यापुरता बसवण्याची सोय आली. तसा बसवलेला फॉन्ट 'विंडोज फॉन्ट्स' मध्ये नसून जुन्या खात्याच्या 'ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स' येथे असतो. तेथून तो उचलून नव्या खात्यात आणावा आणि या वेळी उजव्या क्लिकवर 'सर्व वापरकर्त्यांसाठी' बसवावा. एका पत्रिका छापणाऱ्याच्या संगणकावर मी तो फोल्डर उघडला, तेव्हा वर्षानुवर्षे जमवलेले नव्वदहून अधिक फॉन्ट तेथे जसेच्या तसे होते, आणि त्यांच्या घरी मात्र सगळे नव्याने टाइप करायची तयारी सुरू झाली होती. डोंगल (यूएसबीला लावायची परवान्याची किल्ली) लागणाऱ्या सॉफ्टवेअरचे डोंगल जपावे आणि त्याचा ड्रायव्हर पुन्हा बसवावा.

युनिकोडमध्ये, म्हणजे 'क' हा 'क' म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, टाइप केलेल्या मजकुराला हा धोका नाही, कारण निर्मला यूआय हा फॉन्ट विंडोजबरोबरच येतो. मंगल किंवा तुंगा दिसत नसेल, तर सेटिंग्जमधील 'ऑप्शनल फीचर्स' मधून देवनागरी व कन्नड यांचे पूरक फॉन्ट उतरवावेत. कीबोर्डची निवडही खात्यागणिक वेगळी असते, त्यामुळे नव्या खात्यात मराठी आणि कन्नड दोन्ही पुन्हा जोडावे लागतात.

१०. टॅलीचा डेटा आणि डिजिटल सही यांचे काय होते?

टॅली प्राइमचा डेटा नेहमीच्या मांडणीत 'यूजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा' येथे असतो, म्हणजे तो तुमच्या खात्याच्या फोल्डरात नसतो. त्यामुळे केवळ स्वतःच्या नावाचा फोल्डर उतरवणाऱ्यांकडून तो नेमका राहून जातो. विंडोज नव्याने घातल्यास परवाना पुन्हा कार्यान्वित करावा लागतो. डिजिटल सहीचे प्रमाणपत्र टोकनमध्येच (सहीच्या यूएसबी उपकरणात) असते, व्हायरस काढल्याने ते जात नाही; टोकनचा ड्रायव्हर आणि पोर्टलला लागणारे सहीचे साधन पुन्हा बसवावे. टोकनच्या साधनात 'इनिशिअलाइझ' असा पर्याय दिसतो, तो चुकूनही निवडू नये, कारण त्याने प्रमाणपत्र पुसले जाते.

११. पेनड्राइव्हमधील सगळ्या फाइली शॉर्टकट झाल्या आहेत. त्या परत येतील का?

बहुतेक वेळा येतात. मूळ फाइली लपवलेल्या असतात आणि त्यांच्या नावाने खोटे शॉर्टकट ठेवलेले असतात. कधी सर्व फाइली नाव नसलेल्या एका फोल्डरात टाकलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक करू नये, त्यानेच व्हायरस पुन्हा चालतो. तपासणी करून कमांड प्रॉम्प्टमध्ये 'ॲट्रिब' ही आज्ञा उणे एच, उणे आर, उणे एस या खुणांसह पेनड्राइव्हच्या अक्षरावर चालवली की फाइली दिसू लागतात. झेरॉक्सच्या दुकानात देण्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवावा आणि त्यात त्या दिवशी छापायचे तेवढेच असावे.

१२. फाइली जागेवर आहेत, पण नावापुढे अनोळखी शेपटी लागली आहे आणि पैशांची मागणी करणारी चिठ्ठी आहे.

हे खंडणीखोर सॉफ्टवेअर आहे, आणि वरील उपायांनी त्या फाइली उघडणार नाहीत. व्हायरस काढणे आणि कूटबद्ध फाइली सोडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपोल, डच पोलीस आणि काही सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमात फाइलचा नमुना आणि चिठ्ठी देऊन किल्ली उपलब्ध आहे का, ते विनामूल्य पाहता येते. आज किल्ली नसली तरी ती पुढे मिळू शकते, म्हणून कूटबद्ध फाइली आणि चिठ्ठी वेगळ्या डिस्कवर जपून ठेवाव्यात. शंभर टक्के हमी देऊन आगाऊ पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

१३. प्रोग्रॅम चालतात, पण इंटरनेट किंवा ठरावीक संकेतस्थळे उघडत नाहीत.

सेटिंग्जमधील 'प्रॉक्सी' (इंटरनेट मधल्या दुसऱ्या संगणकामार्फत नेण्याची सोय) बंद आहे का पाहावे, संकेतस्थळांची नावे वळवू शकणाऱ्या 'होस्ट्स' फाइलमध्ये अनोळखी ओळी आहेत का तपासावे आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) आपोआप मिळेल असे ठेवावे. संगणकाची तारीख चुकली असेल, तरीही सेवा सिंधूसारखी पोर्टल प्रमाणपत्राची त्रुटी दाखवतात.

१४. एवढे सगळे करण्यापेक्षा विंडोज नव्यानेच घालावी का?

ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात आणि ज्यात प्रश्न ६ मधील अनोळखी खाते सापडले, त्याच्या बाबतीत माझे उत्तर निःसंशय 'होय' असे आहे. इतरांनी आधी दुरुस्ती करून पाहावी. 'रिसेट धिस पीसी' मधील 'कीप माय फाइल्स' या पर्यायाने वैयक्तिक फाइली राहतात, पण बाहेरून बसवलेले सर्व प्रोग्रॅम जातात. गेलेल्या प्रोग्रॅमची यादी डेस्कटॉपवर ठेवली जाते, ती जपावी. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करण्याचे साधन) असेल, तर ४८ अंकी किल्ली आधी शोधून कागदावर लिहून घ्यावी. ती नसेल तर डिस्क कोणालाही उघडता येत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे नव्याने घालायचीच असेल आणि यंत्र पात्र असेल, तर विंडोज ११ घालावी.

१५. दुकानात दुरुस्तीला देताना काय सांगावे?

'फॉरमॅट मारून द्या' असे सांगू नये. अनेकांची समजूत असते की डेटा डी ड्राइव्हमध्ये आहे, म्हणून फॉरमॅटने काही बिघडत नाही. प्रत्यक्षात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फॉन्ट आणि हिशेब हे सगळे सी ड्राइव्हमध्येच असते. कोणते प्रोग्रॅम वापरता, कोणत्या भाषांत टाइप करता, डोंगल किंवा टोकन आहे का आणि डेटा कोठे साठवता, हे एका कागदावर लिहून संगणकासोबत द्यावे. जुनी डिस्क पुसण्यापूर्वी तिची प्रत घेतली का, हे स्वतः विचारावे आणि परत घेताना दुकानातच तीन गोष्टी उघडून पाहाव्यात : एक जुने मराठी कागदपत्र, एक जुने कन्नड कागदपत्र आणि हिशेबातील शेवटची नोंद.